कुटुंब कोणास म्हणावें?

घर या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. भिंती, छप्पर आणि दारें मिळून जें होतें तेंही घर, आणि त्या भिंतींच्या आंत जीं माणसें एकमेकांचीं होऊन राहतात त्यांचा समुदाय तोही घर. 'त्यांचें घर मोठें आहे' असें कोणी म्हटलें तर खोल्या मोजावयाच्या कीं माणसें, हें प्रसंगावरून ठरवावें लागतें. बहुतेक वेळां या दोन अर्थांत विरोध येत नाहीं, म्हणून तिकडे कोणाचें लक्षही जात नाहीं. परंतु ज्या घरांत एक कुटुंब नांदत होतें त्याच्या खोल्या वेगवेगळ्या करून पांच-सहा परक्या माणसांस भाड्यानें देण्याची वेळ आली, म्हणजे हे दोन अर्थ समोरासमोर उभे राहतात. भिंती त्याच असतात; मग बदललें तें काय? आणि जें बदललें त्यासाठीं मालकानें परवानगी मागावी व शेजाऱ्यांनीं हरकत घ्यावी, हें कितपत न्याय्य आहे? इंग्लंडांत हा वाद गेलीं कित्येक वर्षें नगरपालिकांच्या सभागृहांत चालला आहे. वरवर पाहतां तो नगररचनेचा, म्हणजे नकाशे आणि टक्केवाऱ्या यांचा आहे. पण त्याचें मूळ नीतिशास्त्रांत आहे असें आम्हांस वाटतें, आणि म्हणूनच त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. 1947 च्या नगर व ग्राम रचनेच्या कायद्यानें इंग्लंडांत एक मोठें तत्त्व प्रस्थापित केलें. जमीन अगर इमारत तुमची असली, तरी तिचा उपयोग बदलण्याचा अधिकार केवळ मालकींतून निर्माण होत नाहीं. त्यास समाजाची, म्हणजे स्थानिक सत्तेची, अनुज्ञा लागते. कोणता बदल महत्त्वाचा आणि कोणता किरकोळ हें ठरविण्याकरितां इमारतींच्या उपयोगांचे वर्ग पाडण्यांत आले. 1987 च्या हुकुमाप्रमाणें एका कुटुंबाचें राहतें घर, आणि सहापर्यंत माणसें एकाच कुटुंबासारखीं मिळून राहत असलेलें घर, हीं दोन्ही एकाच वर्गांत पडत. एप्रिल 2010 मध्यें त्यांची फारकत झाली. परस्परांशीं नातें नसलेल्या तीन ते सहा व्यक्ति जेथें स्वयंपाकघर किंवा स्नानगृह सामाईक ठेवून राहतात, अशा घरांचा निराळा वर्ग करण्यांत आला, आणि कुटुंबाचें घर त्या वर्गांत नेण्यास परवानगीची अट आली. पुढें मे महिन्यांत निवडणूक होऊन सरकार बदललें, व त्याच वर्षाच्या 1 ऑक्टोबरपासून ही अट सरसकट उठविण्यांत आली. मात्र ज्या नगरपालिकेस ती आपल्या हद्दींत हवी असेल तिला विशेष आदेश काढून ती पुन्हा लावण्याची मुभा राहिली. ऑक्सफर्डनें 2012 पासून सगळ्या शहरास असा आदेश लागू केला. बर्मिंगहॅमनें प्रथम 2014 मध्यें विद्यापीठाजवळच्या भागास व पुढें जून 2020 पासून सबंध शहरास तो लावला. सहांहून अधिक माणसांनीं वांटून घेतलेल्या घरास तर आदेश असो वा नसो, परवानगी मागावीच लागते.

आतां या सर्व व्यवस्थेचा डोलारा एका शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द 'कुटुंब' हा होय. माणसें परस्परांचीं आहेत कीं परकीं, हें ठरल्याशिवाय घर कोणत्या वर्गांत पडतें हें ठरत नाहीं. 2004 च्या गृहविषयक कायद्यानें त्यासाठीं नात्यांची एक यादीच दिली आहे. पति-पत्नी, अगर विवाह न करतां त्याप्रमाणें एकत्र राहणारें जोडपें. आई-बाप, आजा-आजी, मुलें, नातवंडें, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी, पुतणे, भाचे आणि चुलत, मावस, आते, मामे भावंडें, हे सर्व एका कुटुंबाचे. सावत्र मूल तें मूलच समजावें, आणि एकाच बाजूनें सख्खें असलेलें भावंड पूर्ण सख्खेंच मानावें, असेंही तो कायदा सांगतो. ही यादी वाचतांना मराठी वाचकास मोठी गंमत वाटेल. आपल्याकडे एकत्र कुटुंब मोडलें म्हणून आपण हळहळत असतां इंग्लंडच्या कायद्यानें तें कागदावर उभें करून ठेविलें आहे! त्या यादीप्रमाणें जन्मांत एकमेकांचें तोंड न पाहिलेले तीन मावसभाऊ एका घरांत राहूं लागले तर तें कुटुंब. आणि दहा वर्षें एका चुलीवर जेवणारे, एकमेकांच्या आजारांत रात्र-रात्र जागणारे तीन मित्र मात्र परके.

कायद्यास कोठें तरी रेषा ओढावीच लागते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु रक्ताच्या नात्याची रेषा ओढली म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत घडलीं आहेत, आणि तीं एकापुढें एक ठेवून वाचण्यासारखीं आहेत. न्यूयॉर्क राज्यांत लाँग आयलंडवर बेल टेर नांवाचें एक लहान गांव आहे. रक्त, दत्तक अगर विवाह यांनीं जोडलेलीं कितीही माणसें एका घरांत राहोत, पण नातें नसलेलीं दोहोंपेक्षां अधिक माणसें राहूं नयेत, असा त्या गांवानें नियम केला. जवळच्या विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनीं तेथें एक घर भाड्यानें घेतलें व प्रकरण न्यायालयांत गेलें. 1974 मध्यें न्यायालयानें गांवाच्या बाजूनें निकाल दिला: शांत रस्ते, मोकळ्या जागा आणि कुटुंबवत्सल वातावरण यांचें रक्षण करणें हा गांवाचा न्याय्य अधिकार आहे. न्यायमूर्ति मार्शल यांनीं मात्र निराळें मत नोंदविलें. आपण कोणाबरोबर राहावें हें ठरविण्याच्या माणसाच्या स्वातंत्र्यास या नियमानें धक्का लागतो, असें त्यांचें म्हणणें होतें.

यानंतर तीनच वर्षांनीं, 1977 मध्यें, दुसरें प्रकरण आलें. ओहायो राज्यांतील ईस्ट क्लीव्हलंड या शहरानें कुटुंबाची व्याख्या इतकी आंखूड केली होती कीं, इनेझ मूर नांवाच्या एका आजीस आपला मुलगा व दोन नातू यांच्यासह राहणें गुन्हा ठरलें. कारण इतकेंच कीं, ते दोन नातू एकमेकांचे सख्खे भाऊ नसून चुलतभाऊ होते. त्यांपैकीं एकाची आई तो वर्षाचाही झाला नव्हता तेव्हां वारली होती, आणि आजीनें त्यास पदराखालीं घेतलें होतें. शहरानें या बाईस पांच दिवसांची कैद आणि पंचवीस डॉलर दंड अशी शिक्षा सांगितली. सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. पण तीही पांच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतानें. आजी सुटली याचा आनंद कोणास होणार नाहीं? परंतु ती कोणत्या आधारावर सुटली हें पाहिलें म्हणजे मन अस्वस्थ होतें. ती सुटली ती रक्ताच्या नात्यावर. तेंच पोरकें मूल नातवाऐवजीं शेजारणीचें असतें, तर आजीची माया तितकीच असून तिचा आधार मात्र गेला असता. म्हणजे ज्या गुणामुळें आपण कुटुंबास पवित्र मानतों तो गुण, एकानें दुसऱ्याचा भार उचलणें, कायद्याच्या तराजूंत तोललाच जात नाहीं. तोललें जातें तें रक्त.

येथवर वाचून वाचकांस वाटेल कीं, आम्ही शेजाऱ्यांच्या विरुद्ध वकीलपत्र घेतलें आहे. तसें नाहीं. शेजाऱ्यांची बाजू खरी आहे आणि ती पूर्णपणें मांडली पाहिजे. लीड्स शहरांतील हेडिंग्ले किंवा बर्मिंगहॅममधील सेली ओक या भागांत काय घडलें तें पाहावें. विद्यापीठें वाढलीं, विद्यार्थ्यांस राहण्यास जागा पुरेना, तेव्हां जुनीं कौटुंबिक घरें एकामागून एक खोलीवार भाड्यानें जाऊं लागलीं. ज्या घराचें एक कुटुंब एक भाडें देईल, त्याच्या पांच खोल्यांचें पांच जणांकडून मिळणारें भाडें साहजिकच अधिक होतें. त्यामुळें घर विकावयास निघालें म्हणजे लहान मुलांचे आई-बाप खोल्या भाड्यानें देणाऱ्या गुंतवणूकदाराशीं किंमतींत टिकाव धरूं शकत नाहींत. मुलांवांचून शाळेचे वर्ग ओस पडूं लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टींत सबंध रस्ता निर्मनुष्य होतो. राहणारा दर वर्षीं बदलत असल्यामुळें त्याचें नांव कळेपर्यंत तो निघून जातो. ज्या घरांतील सर्व रहिवासी पूर्ण वेळ विद्यार्थी आहेत त्यांस स्थानिक कर माफ असतो. पण कचरा तर उचलावाच लागतो. पन्नास वर्षें एका रस्त्यावर काढलेल्या म्हाताऱ्या बाईस रात्रीं बरें वाटेनासें झालें, तर हांक कोणास मारावी हा प्रश्न पडतो. शेजार ही वस्तु बाजारांत मिळत नाहीं. ती काळानें पिकते. ती गमावण्याच्या दुःखास संकुचितपणा म्हणून उडवून लावणें हा निर्दयपणा होईल.

शिवाय या हानींत एक मोठा तात्त्विक पेंच आहे. येथें कोणाही एकानें अपराध केलेला नाहीं. पहिल्या मालकानें घर भाड्यानें दिलें, त्यानें कोणाचेंही नुकसान झालें नाहीं. उलट चार तरुणांस आसरा मिळाला. दुसऱ्यानेंही तेंच केलें, तिसऱ्यानेंही. विसाव्या घराशीं आल्यावर रस्त्याचें रूप पालटलें. मग दोष विसाव्याचा कीं पहिल्याचा? प्रत्येक कृति निर्दोष असून त्यांची बेरीज सदोष असूं शकते, ही गोष्ट व्यक्तीच्या आचरणावर उभारलेल्या नीतिशास्त्रास अवघड जाते. नगररचनेची टक्केवारी हें या अवघड गोष्टीस दिलेलें उत्तर आहे. ऑक्सफर्डमध्यें रस्त्याच्या शंभर मीटर लांबींत अशीं घरें शेंकडा वीसपेक्षां जास्त होऊं द्यावयाचीं नाहींत असें धोरण ठरलें. बर्मिंगहॅमनें शंभर मीटरांच्या परिघांत शेंकडा दहा हें प्रमाण धरिलें. कोणत्याही एका माणसास परका न म्हणतां बेरजेवर मर्यादा घालणें, हा बेल टेरच्या नियमाहून निश्चितच सभ्य मार्ग आहे. पण त्याचेंही एक मोल आहे. मर्यादा भरली कीं आधींच्या मालकांस आपोआप मक्तेदारी मिळते. खोल्या थोड्या व मागणारे फार, असें झालें म्हणजे भाडें चढतें, आणि तें चढलेलें भाडें शेजाऱ्यांस द्यावयाचें नसून जो दारांत उभा आहे त्यास द्यावयाचें असतें.

तो दारांत उभा असणारा कोण, याचाही विचार केला पाहिजे. तो नेहमीं विद्यार्थीच असतो असें नाहीं. रात्रपाळीची परिचारिका, उपाहारगृहांतील आचारी, नुकताच घटस्फोट झालेला गृहस्थ, परदेशांतून आलेला कारागीर, अशा माणसांसही सबंध घर परवडत नाहीं. परवडते ती एक खोली. इंग्लंडच्या सरकारचेंच पाहा. गरिबास घरभाड्यासाठीं जी मदत मिळते ती पस्तीस वर्षांखालील एकट्या माणसास सामान्यतः सामाईक घरांतील एका खोलीपुरतीच मिळते. पूर्वीं ही वयोमर्यादा पंचवीस होती. 2012 च्या जानेवारींत ती पस्तीस करण्यांत आली. म्हणजे एका हातानें राज्य तरुण गरिबास सांगतें कीं तूं सामाईक घरांतच राहा, आणि दुसऱ्या हातानें नगरपालिकेस मुभा देतें कीं अशीं घरें फार होऊं देऊं नका. दोन्ही हुकूम आपापल्या जागीं समर्थनीय असतील. पण ते दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यावर पडतात, हें कोणीं पाहावयाचें?

याबाबतींत इतिहासाचा एक धडा विसरतां येण्यासारखा नाहीं. जॉन रेक्स आणि रॉबर्ट मूर या दोघां समाजशास्त्रज्ञांनीं बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागाचा अभ्यास करून 1967 मध्यें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत दिसतें तें असें: बाहेरदेशांहून आलेल्या मजुरांस नगरपालिकेचें घर मिळण्यास शहरांत पांच वर्षें वास्तव्याची अट आड येई, चांगल्या घरासाठीं कर्ज मिळणेंही कठीण. तेव्हां त्यांच्यापैकीं कांहींनीं महागड्या व्याजाचें अल्प मुदतीचें कर्ज काढून जुनीं, प्रशस्त, मोडकळीस आलेलीं घरें घेतलीं आणि कर्जफेडीसाठीं त्यांच्या खोल्या इतरांस भाड्यानें दिल्या. मग घरांची दुर्दशा झाली म्हणून शहरानें दोष दिला तो त्यांनाच. दुसरीं सर्व दारें बंद करून जो एक दरवाजा उघडा ठेवला, त्यांतून आंत आल्याबद्दल माणसास शिक्षा करावयाची, हा न्याय नव्हे. 1965 मध्यें शहरानें अशा घरांवर नोंदणीचें नियंत्रण आणणारा खास कायदा संसदेकडून करून घेतला. त्या कायद्याचे शब्द रंगाबद्दल एक अक्षर बोलत नव्हते. पण तो कोणास लागूं पडणार हें सर्वांस ठाऊक होतें. 'भागाचें स्वरूप राखणें' हा शब्दप्रयोग जेव्हां जेव्हां कानीं पडतो, तेव्हां तो विटांबद्दल आहे कीं माणसांबद्दल, हें तपासून पाहावें.

आपल्या लोकांचा या गोष्टीशीं संबंध नाहीं असें कोणी समजूं नये. 1905 मध्यें श्यामजी कृष्णवर्मा यांनीं लंडनच्या हायगेट भागांत एक मोठें राहतें घर घेऊन तेथें हिंदी विद्यार्थ्यांसाठीं 'इंडिया हाउस' हें वसतिगृह काढलें. हिंदी तरुणांस लंडनमध्यें खोली मिळतांना जो अनुभव येई तोही या उपक्रमामागचें एक कारण होता. पुढच्याच वर्षीं विनायक दामोदर सावरकर तेथें राहावयास गेले, आणि तें घर पुढें कशासाठीं गाजलें हें वाचकांस सांगावयास नको. कुटुंबाच्या घराचें परक्यांचें घर होणें म्हणजे काय, याचें याहून ठळक उदाहरण कोणतें? आणि मुंबईच्या गिरणगांवांतील गांवकऱ्यांच्या खोल्या आठवाव्या. एका खोलींत कोंकणांतल्या एका गांवचे पंधरा-वीस गडी, एक पाळी कामावर तर दुसरी निजलेली, प्रत्येकाची एक ट्रंक व एक वळकटी, आणि जेवण खाणावळवाल्या बाईकडे. इंग्लंडच्या यादीप्रमाणें तीं माणसें परकीं. पण त्यांतला एक आजारी पडला तर गांवीं पोंचविणारे, कोणी वारला तर खांदा देणारे तेच. त्या खोल्यांतील गर्दी व हाल यांचें कौतुक करण्याचें कारण नाहीं; परंतु तेथें कुटुंब नव्हतें असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं.

आतां एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें अप्रामाणिकपणाचें होईल. आम्ही राहतों त्या गृहसंस्थेंत कांहीं वर्षांपूर्वीं एक ठराव झाला कीं, सभासदांनीं आपली जागा अविवाहित विद्यार्थ्यांस भाड्यानें देऊं नये. निमित्त झालें तें रात्रीं उशिरापर्यंत चालणाऱ्या गाण्यांचें आणि जिन्याखालीं दाटीनें लावलेल्या दुचाकींचें. तक्रार खोटी नव्हती. आमचीही झोंप मोडली होती. आम्हीं ठरावास अनुमोदन दिलें व सही केली. जन्मभर विद्यार्थ्यांत वावरलेल्या माणसानें ही सही करतांना क्षणभर थांबावयास हवें होतें. आम्ही थांबलों नाहीं. पुढें एक वर्षानें आमचा एक माजी विद्यार्थी बर्मिंगहॅमला गेला. तेथें पांच जणांच्या एका घरांत खोली मिळण्यासाठीं घरमालकास दाखवावयाचें म्हणून त्यानें आमच्याकडे वर्तणुकीचा दाखला मागितला. आम्हीं मोठ्या आस्थेनें लिहून दिलें कीं, हा तरुण शांत, विश्वासू व सुस्वभावी असून त्याच्यापासून शेजाऱ्यांस कोणताही उपद्रव होणार नाहीं. लिहून झाल्यावर लक्षांत आलें कीं, आमच्याच इमारतींत त्यास हा दाखला दाखविण्याचीही संधि मिळाली नसती. तेथें आम्हांस त्याचें आचरण पाहावयाचें नव्हतें. तो अविवाहित आहे एवढेंच पुरेसें होतें. पुढच्या वार्षिक सभेंत हा ठराव काढून त्याऐवजीं शांततेचे व वाहनांचे नियम सर्वांस सारखे लावावे अशी सूचना आम्हीं मांडली. ती बहुमतानें नामंजूर झाली. ठराव अद्याप कायम आहे, आणि त्याखालीं आमची सहीही आहे.

या सर्वांतून आम्हांस जें दिसतें तें असें. शेजाऱ्यानें आचरणाबद्दल नियम मागणें पूर्ण न्याय्य आहे; मात्र गोंगाट हा गोंगाटच, मग तो विद्यार्थ्याचा असो वा मुंजीच्या मांडवाचा. राहण्याची जागा माणसास शोभेल अशी असावी असा आग्रह धरणेंही न्याय्य आहे. परवान्याच्या सामाईक घरांत एका प्रौढ माणसाच्या निजण्याच्या खोलीस निदान 6.51 चौरस मीटर, म्हणजे सुमारें सत्तर चौरस फूट, क्षेत्रफळ असावें असा नियम इंग्लंडांत 2018 च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. हा नियम शेजाऱ्यांपेक्षां भाडेकऱ्याचाच कैवार घेतो, आणि तो आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. तिसरा नियम संख्येचा. तोही योग्य असूं शकतो. परंतु एका अटीवर. जो कोणी 'या रस्त्यावर आणखी नको' असें म्हणतो त्यानें 'मग कोठें?' या प्रश्नाचें उत्तर देण्याची जबाबदारी पत्करली पाहिजे. नगरपालिकेनें टक्केवारी ठरवितांना वसतिगृहें, लहान घरें, परवडणाऱ्या खोल्या दुसरीकडे उभ्या केल्या, तर ती मर्यादा म्हणजे व्यवस्था. तसें न करतां नुसतें दार लावलें, तर ती हकालपट्टी.

हा प्रश्न विचारणें अवघड आहे याचें कारण असें कीं, परवानगीच्या सुनावणींत ज्यांस बोलावयाचें असतें ते सर्व हजर असतात. मालक असतो, त्याचा वास्तुशास्त्रज्ञ असतो, रस्त्यावरचीं कुटुंबें असतात. हजर नसतो तो एकच: त्या खोलींत पुढें राहावयास येणारा. त्याचें नांव अजून कोणासच माहीत नाहीं. त्याला स्वतःसही ठाऊक नाहीं कीं आपल्याबद्दल येथें कांहीं ठरत आहे. लोकशाहींत जो हजर त्याचें मत मोजलें जातें. नीति मात्र गैरहजर माणसाचेंही मोजावयास सांगते. आपल्याकडे जेवावयास बसण्यापूर्वीं अंगणांत उभें राहून कोणी उपाशी आहे काय, असें विचारण्याची चाल होती असें जुनीं माणसें सांगत. ती हांक ओळखीच्या माणसासाठीं नसे. कुटुंब कोणास म्हणावें याचें उत्तर कायदा आपल्या यादीनें देवो. आपण मात्र दार लावण्यापूर्वीं बाहेर कोण उभें आहे तें एकवार पाहावें, इतकेंच आमचें मागणें आहे; आणि तें प्रथम आमच्याकडेच आहे.